छतावरच्या दांड्या आणि मधला माणूस

माझा नवरा गोड बोलतो. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. गोड बोलणारा माणूस घरात असला की भांडणं मिटतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आठवडाभर आमच्याकडे राहायला यावं. भांडण मिटत नाही, फक्त ऐकू येत नाही. आणि ऐकू न येणारं भांडण किती टिकाऊ असतं ते मला विचारा.

तो वीज कंपनीच्या तक्रार विभागात बसतो. कानाला फोन, समोर संगणक. दिवसभर लोक त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि तो 'हो साहेब, बरोबर आहे साहेब' करत एका ओळीत टाइप करतो, 'ग्राहक सेवेबाबत असमाधानी.' शिव्या गाळायच्या, राग गाळायचा, उरेल ते वर पाठवायचं. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. ऑफिसने त्याला 'उत्कृष्ट संवाद' असं लिहिलेलं एक काचेचं स्मृतिचिन्ह दिलंय. ते आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी आहे आणि त्यावरची धूळ मी मुद्दाम पुसत नाही.

ऑफिसात करतो ते ठीक आहे, त्याचा पगार मिळतो. पण लग्न झाल्यापासून तो घरातही तेच करत आलाय, फुकट.

घरात आम्ही तिघं. वरच्या मजल्यावर आम्ही दोघं, खाली त्याची मोठी बहीण, म्हणजे माझी नणंद. सगळे तिला ताई म्हणतात. मीही म्हणायचे. आता तिचा विषय निघाला तर मी 'तुझी ताई' म्हणते आणि ती मला 'तुझी बायको' म्हणते, कारण आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही. एका दाराने येतो-जातो, एका टाकीचं पाणी पितो, जिन्यात समोरासमोर आलो तर जी खाली असेल ती भिंतीला टेकून उभी राहते. पण शब्द नाही. जे सांगायचं ते नवऱ्यामार्फत.

हे कशावरून सुरू झालं तेही सांगून टाकते, म्हणजे मी उगाच तोंड फुगवून बसलेली बाई वाटायला नको. माझे वडील शेवटी शेवटी आमच्याकडे राहायला होते, खालच्या दुसऱ्या खोलीत. त्यांची आणि नणंदेची मधली भिंत एकच. दोघांचं रोज वाजायचं. बाबांना रेडिओ मोठ्याने लागायचा, हिला शांतता हवी असायची. ही भिंतीवर वल्ह्याच्या दांड्याने ठोकायची, बाबा आवाज अजून वाढवायचे. बाबा गेले त्या दिवशी मी वर खोलीचं दार लावून बसले होते. शेजारचे येऊन भेटून गेले, मी ज्यांचं काम करते ते दातांचे डॉक्टर येऊन गेले. भिंतीला भिंत लावून राहणारी ही काही जिना चढून आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं तर बाईसाहेब हातगाडीवर होडी बांधून तलावाकडे निघाल्या होत्या. नवरा माझ्या मागे उभा राहून म्हणाला, "ताईला वाईट वाटलंय."

मी म्हटलं, "दिसतंय." तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

होडी म्हटलं की तिला झोंबतं. ती कायाक आहे. लांबट, निमुळती, एका माणसाची, दोन्ही बाजूंनी वल्हवायची. तिला झोंबतं म्हणूनच मी होडी म्हणते. अशा दोन होड्या खालच्या बोळात भिंतीवर टांगलेल्या आहेत, एक पिवळी, एक लाल. नणंदेने सगळा जन्म स्विमिंग पुलावर जीवरक्षक म्हणून काढला. शिटी गळ्यात घालून उंच खुर्चीवर बसायचं आणि लोकांवर ओरडायचं, हे काम तिला फार मानवलं. लग्न केलं नाही. पूल बंद पडला, तशी ती घरी बसली आणि बोळात शिटी वाजवत आमच्यावर लक्ष ठेवायला लागली.

आणि माझं सांगायचं तर मी दात बनवते. दाताचे डॉक्टर माप घेऊन साचा पाठवतात, मी मागच्या खोलीत प्लास्टर ओतून कवळ्या करते, घासते, चकचकीत करते आणि दवाखान्यांतून पोचवते. त्यासाठी मी गाडी घेतली. लहान आहे, राखाडी आहे, छप्पर साधं सपाट आहे, आणि ती माझी आहे. घरात माझं म्हणावं असं दुसरं काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

तर त्या गाडीवर नणंदेने होडी पाडली. एकटीने खांद्यावर घेऊन बोळातून बाहेर काढत होती, वळताना टोक आपटलं आणि डाव्या पुढच्या दाराच्या वर छताच्या कडेला ओंजळभर पोचा आला. मी वरून बघत होते. तिनेही वर पाहिलं. मग संध्याकाळी नवरा येऊन म्हणाला, "ताईला वाईट वाटलंय." तो स्वतःच गाडी कुठल्याशा स्वस्तातल्या गॅरेजात घेऊन गेला. तिथे त्यांनी पत्रा ठोकून सरळ करायच्या ऐवजी खड्ड्यात पुट्टी भरली, वरून रंग मारला आणि गाडी परत दिली. बघणाऱ्याला कळणार नाही. मला कळतं, कारण असल्या भरलेल्या जागा बघण्यात माझा दिवस जातो.

एवढं झाल्यावर एका रात्री जेवताना नवरा म्हणाला, "ताईला काम मिळतंय."

गावाबाहेर हायवेवर मोठा तलाव आहे. तिथल्या बोट क्लबला मुलींना कायाक शिकवायला बाई हवी होती. शनिवार-रविवार जायचं. पण क्लबच्या होड्या फुटक्या, नव्या यायला वेळ होता. मॅनेजरने सांगितलं होतं, येत्या रविवारी सकाळी आपल्या दोन्ही कायाक घेऊन पोचलात तर काम तुमचं, नाही तर मी दुसरीला सांगतो. आणि ठेवायला जागा नाही, संध्याकाळी परत घेऊन जायच्या. हायवेवरून हातगाडी जात नाही. टेम्पो दर आठवड्याला परवडत नाही.

"म्हणजे माझी गाडी," मी म्हटलं.

"तसं ती म्हणाली नाही."

"काय म्हणाली ते सांग."

"म्हणाली, जमलं तर बघा."

ती असं म्हणणं शक्यच नव्हतं. जमलं तर बघा, हे शब्द त्या बाईच्या तोंडात बसतच नाहीत. ती नक्की म्हणाली असणार, तुझ्या बायकोला विचार, ती डबी नुसती दात फिरवायलाच घेतलीय का. पण विचार करता करता माझ्या लक्षात आलं, तिला काम लागलं तर शनिवार-रविवार ती दिवसभर घरात नसेल. दोन दिवस बोळात शिटी वाजणार नाही, जिन्यात भिंतीला टेकावं लागणार नाही. त्यासाठी मी गाडीच काय, होडीसुद्धा ओढली असती. मी दोन अटी घातल्या. गाडी मीच चालवणार, आणि छतावर बसवायच्या दांड्या माझ्या पसंतीच्या असणार.

शनिवारी आम्ही तिघं गाडीच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानात रबराचा आणि सुगंधी फवाऱ्याचा वास कोंडला होता. दुकानदाराने विचारलं, "छताला रेलिंग आहे?"

नाही म्हटल्यावर त्याने नाक मुरडलं. छताच्या दोन्ही कडांना लांब गजांचं रेलिंग असलं की दांडी त्याला सरळ आवळता येते. सपाट छताला दांडीच्या टोकाला पाय लागतात. पाय छताच्या कडेवर टेकतो, त्याचा आकडा दार उघडून आतल्या कडेत अडकवायचा आणि मग आवळायचा. त्याने आधी ॲल्युमिनियमच्या दांड्या काढल्या, विमानाच्या पंखासारख्या, काळ्या, गुळगुळीत. किंमत ऐकून नणंद भावाला म्हणाली, "त्याला सांग, मला दांड्या हव्यात, दागिना नको."

मी नवऱ्याला म्हटलं, "तिला सांग, लोखंडी घेतल्या तर वजन वाढेल. छप्पर किती पेलतं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, त्यात दांड्यांचंही वजन धरायचं असतं."

नवरा म्हणाला, "ताई, वजनाचं जरा बघायला हवं."

"वजन मला कळतं. दोन्ही कायाक मिळून छताला जड नाहीत. लोखंडी चौकोनी दांड्या धरूनही बसतं. तुझ्या बायकोला म्हणावं, मी बेरीज करून आलेय." बेरीज बरोबर होती, मी लोखंडींना हो म्हटलं.

दुकानदार एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. थोड्या वेळाने तोही नवऱ्याशीच बोलायला लागला. म्हणाला, "मॅडमना सांगा, खाली रुंद रबर असलेले पाय घ्या, छतावर चरे पडत नाहीत." मला तेच हवे होते. नणंदेनेही तेच हातात घेतले होते, दाबून बघत होती. दोघींना एकच वस्तू पटली हे बघून नवऱ्याचा चेहरा असा फुलला की मला ते पाय परत ठेवावेसे वाटले. होड्या ठेवायचे खास पाळणे दुकानदार गळ्यात मारत होता, ते नणंदेने घेतले नाहीत. तिच्याकडे बंद पडलेल्या पुलावरच्या फोमच्या नळ्या होत्या, पोरं पोहायला शिकताना काखेत धरतात त्या. त्या चिरून दांडीवर चढवल्या की झालं, असं ती भावाला म्हणाली. मनातल्या मनात मला ते पटलं, आणि त्याचाही राग आला.

दुपारी ती अंगणात दांड्या बसवत होती आणि मी वर एका कवळीची तार वाकवत होते. कवळीची तार शेजारच्या धडधाकट दाताला अडकवायची असते. भरलेल्या दाताला अडकवली तर भरलेलं निघतं आणि कवळी हातात येते. तार वाकवता वाकवता खिडकीतून पाहिलं, तर नणंद पुढच्या दांडीचा डावा पाय बरोबर त्या पोच्यावर टेकवत होती. दोन दांड्यांत जेवढं अंतर जास्त तेवढी लांब होडी स्थिर राहते, म्हणून ती पुढची दांडी होईल तितकी पुढे घेत होती. तिचं तिच्या परीने बरोबर होतं. पण त्या जागी पत्रा नव्हता.

मी नवऱ्याला हाक मारली. "खाली जा आणि सांग तुझ्या ताईला, जिथे तिने माझ्या गाडीचं डोकं फोडलं ना, तिथे आता नुसती पुट्टी आहे. पाय तिथे टेकवायचा नाही, वीतभर मागे घ्यायचा. पुट्टी फुटली की दांडी सुटेल. आणि हेही सांग, डोळे उघडे ठेवून होडी उचलली असती तर आज ही वेळ आली नसती."

तो गेला. कवळ्या घासायचं मशीन चालू असल्याने मला काही ऐकू आलं नाही. परत आला तेव्हा मी विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"बरं म्हणाली."

मी खाली जाऊन बघायला हवं होतं असं कोणी म्हणेल. खाली ती होती. आणि निरोप गेला होता.

रविवारी सकाळी होड्या चढवल्या. नणंद आणि नवरा यांनी त्या उचलल्या, फोमवर एका कुशीवर टेकवून ठेवल्या, पट्टे टाकून आवळले. पुढचं आणि मागचं टोक दोरीने बंपरखालच्या कड्यांना बांधलं. हे टोकाचं बांधणं नणंदेने स्वतः केलं, भावाला हात लावू दिला नाही. मी स्टिअरिंगवर बसले, नवरा शेजारी, नणंद मागे.

"तिला सांग, साठच्या वर जायचं नाही," मागून आवाज आला.

"सावकाश घे हं," नवरा म्हणाला.

"तिला सांग, मी काही शर्यतीला निघालेली नाही."

"ती सावकाशच घेतेय, ताई."

हायवेला लागलो. वाऱ्याने होड्या जराशा थरथरत होत्या, ते ठीक होतं. एक कंटेनर बाजूने सणसणत गेला, त्याच्या हवेचा धक्का बसला आणि माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूला वर काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज झाला. पाठोपाठ पिवळ्या होडीचं नाक काचेसमोर डावीकडून उजवीकडे सरकत आलं. समोर रस्ता दिसेना. मागून नणंद म्हणाली, "ब्रेक दाबू नकोस. पाय काढ. हळूहळू कडेला घे." मी पाय काढला, गाडी कडेला घेतली, थांबवली.

ती माझ्याशी थेट बोलली होती हे माझ्या ध्यानात जरा उशिरा आलं.

खाली उतरून पाहिलं. डाव्या दारावरची पुट्टी टवके उडून निघाली होती, पाय आत बसला होता, आकडा सैल होऊन लोंबत होता. पुढची दांडी तिरकी झाली होती. टोकाची दोरी होती म्हणून होड्या छतावर राहिल्या. दोरी नसती तर मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या छातीत गेल्या असत्या.

माझं डोकं फिरलं. "ताई, डोळे फुटले होते का तुमचे? सांगितलं होतं ना तिथे पुट्टी आहे म्हणून."

"कसली पुट्टी?"

"कसली म्हणजे? पोच्यात भरलेली. निरोप पाठवला होता मी, पाय मागे घ्या म्हणून."

"मला निरोप आला, जपून लाव. मी काय आपटून लावतेय? जपूनच लावली." ती बोलता बोलता थांबली. "पुट्टी आहे हे कोणी सांगितलंच नाही मला. मला वाटलं पत्रा सरळ केलाय."

आम्ही दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं. तो रुमालाने मान पुसत होता.

"मी म्हटलं, तो पोच्याचा विषय पुन्हा कशाला," तो म्हणाला. "चांगलं चाललं होतं. मुद्दा काय, जपून लावायचं. तो सांगितला मी."

"मुद्दा पुट्टी होता," मी म्हटलं.

"तू ते ज्या शब्दांत सांगितलंस, ते मी तसंच्या तसं कसं सांगणार? डोकं फोडलं, डोळे उघडे, असलं काय काय."

"सगळं सांगायचं होतं. शिव्यांसकट."

नणंद अजून त्याच्याकडेच बघत होती. पुलाच्या खुर्चीवरून बुडणाऱ्याकडे बघत असेल तशी, घाई न करता. म्हणाली, "आणखी काय काय खाल्लंस रे तू?"

"काय म्हणजे?"

"हिचे वडील गेले तेव्हा मी तुला काय सांगितलं होतं?"

त्याने रुमालाची घडी केली. ती उलगडून परत केली. नणंद माझ्याकडे वळली. "मी याला म्हटलं, वर जा आणि तिला सांग, म्हातारा एक नंबरचा खडूस होता. आता मी भिंत कोणासाठी ठोकू. आणि विचार, मी येऊन बसू का तिच्याजवळ."

"मग?"

"मग हा खाली आला आणि म्हणाला, तिला जरा एकटीला राहायचंय."

मी असं काही बोलले नव्हते. काय बोलले होते ते मला नीट आठवत होतं, कारण ते मी त्या दाराआडून ओरडून बोलले होते. तेच आता मी तिला शब्दन् शब्द सांगितलं, कुठे मेली तुझी ताई, एवढी भिंत ठोकणारी बाई, आज तिला जिना चढवत नाही का.

"म्हणजे बोलावलंच होतंस," नणंद म्हणाली.

"मग काय."

"अशा दिवशी खडूस म्हणायचं असतं का?" नवरा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला होता. "आणि तू मेली म्हणालीस. मी हे इकडचं तिकडे नेलं असतं तर घरात काय झालं असतं? मी तुमच्या दोघींच्या भल्यासाठीच केलं. ताईला वाईट वाटलंय, हे सांगितलं ना मी तुला. खोटं होतं का ते?"

खोटं नव्हतं. म्हणूनच मला त्याचा इतका संताप आला की डिकीतून काढलेला पाना मी परत डिकीत फेकला, त्याच्या अंगावर नको म्हणून. बाबांच्या जाण्याला या माणसाने एक ओळ दिली होती. ग्राहक असमाधानी. आणि त्या एका ओळीवर मी इतकी वर्षं माझ्याच घराच्या जिन्यात भिंतीला टेकून उभी राहत होते.

नणंदेने घड्याळ पाहिलं. "मुली येऊन थांबल्या असतील. मॅनेजर दुसरीला फोन लावेल."

मग आम्ही कामाला लागलो. दोन्ही होड्या उतरवल्या. पुढच्या दांडीचा पाय वीतभर मागे, धड पत्र्यावर घेतला. मी दार धरलं, तिने आकडा अडकवला, मी आवळला. तिने हलवून पाहिला, मीही हलवून पाहिला. दोन होड्यांचा भार त्या बाजूवर टाकायला ती तयार नव्हती आणि मीही नव्हते. लाल होडी एकटी उजवीकडे चढवली आणि बांधली. पिवळी रस्त्याच्या कडेला गवतात पडली होती.

"तू बस हिच्यापाशी," नणंद भावाला म्हणाली.

"इथे? किती वेळ?"

"तुझी तक्रार नोंदवून घेतलीय," मी म्हटलं आणि दार लावलं.

नणंद पुढच्या सीटवर बसली. पहिल्यांदाच. आरशात तो गवतात उभा दिसत होता, मग वळण आलं. मधे कोणी नव्हतं आणि आम्हाला सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हतं. शेवटी मी मनात साठलेलं तेच बाहेर काढलं. म्हटलं, "दुसऱ्या दिवशी सकाळी होडी घेऊन गेलात तुम्ही. मी खिडकीतून पाहिलं."

"मग कुठे जाऊन रडू? त्या खोलीत? त्या भिंतीशेजारी?"

मी गिअर बदलला.

"तुला वाटायचं मी त्याचा रेडिओ बंद व्हावा म्हणून ठोकते," ती म्हणाली. "सुरुवातीला तसंच होतं. पुढे त्याला बरं नसायचं तेव्हा रेडिओ लागायचा नाही. मग मी ठोकायचे. ठोकलं की तो चिडून लावायचा, चांगला मोठ्याने. लावला की मला बरं वाटायचं, आहे अजून. त्या दिवशी ठोकलं आणि नाही लागला. परत ठोकलं. मग मीच याला हाक मारून खोलीत पाठवलं."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं, बाबा एकटे गेले. मला रडू फुटलं आणि डोळे पुसायला हात सोडता येईना, कारण वर होडी होती. ती म्हणाली, "रडायचं तर रड, पण चाळिसाच्या वर जाऊ नकोस." आणि थोड्या वेळाने, "खडूसच होता पण."

"होते," मी म्हटलं. "आणि तुम्हीही तशाच आहात. माझ्या गाडीवर होडी पाडलीत आणि वर बघत उभ्या राहिलात. तोंडातून एक शब्द नाही."

"तू खाली आली असतीस तर सांगितलं असतं. खिडकीत उभी राहिलीस, देवळातल्या मूर्तीसारखी."

तलाव येईपर्यंत आम्ही भांडलो. पोच्यावरून भांडलो, बोळातल्या शिटीवरून भांडलो, पाण्याच्या टाकीवरून भांडलो. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, त्यातलं काहीही गाळायचं आम्हाला कारण नव्हतं. माझा घसा बसला.

तलावावर मुली काठाला रांगेत बसल्या होत्या. मॅनेजर छत्रीखाली खुर्ची टाकून बसला होता. गाडीवरची एकच होडी बघून त्याने फोन हातात घेतला. "दोन सांगितल्या होत्या."

"दुसरी येतेय," मी म्हटलं. "तोवर या एकीत तुम्ही बसून दाखवा, म्हणजे शिकवायला कोण हवंय ते मुलींना कळेल."

त्याने फोन खाली ठेवला. नणंद आधीच पट्टे सोडत होती. मला म्हणाली, "त्याच्याशी नंतर भांड. आधी दुसरी आण." मग गळ्यातली शिटी बाहेर काढून तिने अशी जोरात फुंकली की सगळ्या मुली उठून उभ्या राहिल्या. ती शिटी मला आयुष्यात पहिल्यांदा बरी वाटली.

मी परत फिरले. नवरा पिवळ्या होडीवर बसला होता, शर्ट घामाने चिकटलेला, चेहरा भाजलेला. मला बघून घाईने उठला. दोघांनी होडी उचलून फोमवर ठेवली. पट्टा त्याने आवळला. टोकाची दोरी मी स्वतः बांधली.

गाडीत बसल्यावर त्याने हळूच विचारलं, "मिळालं ताईला काम?"

"मिळालं."

तो खूश झाला, खरोखर खूश झाला. तो वाईट माणूस नाही, ही त्यातली सगळ्यात मोठी अडचण आहे. बाटलीतलं पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळला. "आणि तुमच्या दोघींचं काय झालं? एवढा वेळ लागला. बोललात का? काय म्हणाली ताई?"

मी आरसा नीट केला. मागून गाड्या येत नव्हत्या.

"ताईला वाईट वाटलंय," मी म्हटलं.

तो पुढचं ऐकायला माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी गाडी सुरू केली.